बाविसावं पत्र

सुलेखा देव यांनी जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती. अमेरिकेत चँडलरच्या कॉम्प्युटर-चिप कारखान्यात तीस वर्षं केमिस्ट म्हणून काढली, तिथले मॅनेजरही त्यांना टरकून असत. एकुलता एक मुलगा कुश अमेरिकन सैन्यात शिरला, अनिकाशी स्वतःच लग्न ठरवून मोकळा झाला, आणि बाईंनी सगळं खापर अनिकाच्या माथी फोडलं. तो इराकमध्ये मारला गेला तेव्हा सून त्यांच्याच घरी होती. महिन्याभरात तिला त्यांनी घराबाहेर काढलं.

सतरा वर्षांनी आज दोघी विद्यापीठाच्या अभिलेखागारात समोरासमोर बसल्या होत्या, तेही नाइलाजानं. अनिका कुशची युद्धातली पत्रं इथे जतन करायला देत होती. खोक्यात आईनं त्याला लिहिलेली पत्रंही होती, त्यामुळे बाईंची सही लागणार होती.

कुश आपल्या पत्रांवर नंबर घालायचा. एकवीस पत्रं होती. बाविसावं तो गेल्यावर त्याच्या सामानात सापडलं, ते घरी पाठवलं, असं सैन्याचं म्हणणं. त्याच्या जागी नुसतं कार्ड होतं: ‘सैन्याच्या टपालात गहाळ’.

“एव्हरी इयर मी त्यांना लिहिते, काकू,” अनिका म्हणाली. पूर्वी ती आई म्हणायची. “दर वेळी तेच, आम्ही फॉरवर्ड केलं. लायर्स आहेत सगळे.”

बाईंनी पेन्सिल उचलली; इथे पेन चालत नसे. खोक्यातल्या सगळ्याचं, त्या कार्डाचंही, वर्णन खरं असल्याचं कबूल करून सही करायची होती. तीस वर्षांत त्यांनी एकाही खोट्या रीडिंगखाली सही केली नव्हती, आणि आता या पोरीसमोर करायची? स्वतःचाच संताप आला त्यांना.

“ते आलं होतं,” त्या म्हणाल्या. “तो गेल्यावर दहाव्या दिवशी. सैन्याचं पाकीट, वर मिसेस देव. मीही मिसेस देवच. मला वाटलं, तो गेल्याचं कळवणारं पत्र. तसलं पत्र आपल्यात घरात ठेवत नाहीत. मी न उघडताच फाडलं.”

अनिकाचा चेहरा पांढरा पडला. पण ही रीत तिला ठाऊक होती, तिच्या आजीलाही तिनं तशी पत्रं फाडताना पाहिलं होतं.

“सांगायचं तरी,” ती हळूच म्हणाली. “पण ओके. मिस्टेक होती.”

सतरा वर्षांत तिचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला होता. बाई तिथेच थांबल्या असत्या तर निभावलं असतं. अनिकानं इंग्रजीत सांगितलं तशी टेबलाशी बसलेली अभिलेखागाराची अधिकारी नवं कार्ड लिहू लागली: ‘चुकून फाडले गेले’.

“चुकून लिहू नका,” बाई तिला इंग्रजीत म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. “फाडल्यावर त्याचं अक्षर दिसलं. चारच तुकडे होते, जोडता आले असते. पण वर तुझं नाव होतं, माझं नव्हतं. कचऱ्याची गाडी येईपर्यंत दोन दिवस ते डब्यात पडलं होतं.”

“आत काय होतं?”

“वाचलं नाही.”

“एक लाइनसुद्धा?”

“तुझं नाव. तेवढंच.”

अनिका उठली. खोक्यातून तिनं सासूची पत्रं एकेक करून निवडून काढली, गठ्ठा केला आणि त्यांच्यासमोर टाकला.

“ही घरी न्या,” ती म्हणाली. “फाडा.”