लखीरामभाऊचं हिरवं पाणी

रिसोडच्या धान्यबाजारासमोर निताचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बाईमाणसाच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर बघून गाव पहिली दोन वर्षं नुसतंच हसलं. मग अडल्या-नडल्याला येऊ लागलं, तेही विश्वासानं नव्हे, इलाज नाही म्हणून. आपण बांधलेल्या प्रत्येक मशीनवर निता स्वतःच्या नावाचं स्टिकर लावायची. गावात नाव व्हावं, एवढीच तिची हाव होती.

बादलच्या स्टुडिओतली मशीन तिनंच सहा वर्षांपूर्वी बांधली होती. लग्नाच्या व्हिडिओंसाठी दणकट, आणि आतला ताव उतरवायला लिक्विड कूलर, नळ्यांतून पाणी फिरवणारा, वर रंगीत लाइट चमकवणारा. यंदा ऐन सोयाबीनच्या हंगामात बादलचा फोन आला, मशीन चालता चालता आपोआप बंद पडते म्हणून. निता गेली. जाळीत सोयाबीनचा भुसा गच्च बसला होता. तो काढला, तरी पारा पंच्याण्णवच्या खाली येईना, आणि पंप गुडगुडत होता.

"बादलभाऊ, याचं आयुष्य संपलं," ती म्हणाली. "पाच-सहा वर्षांत आतलं पाणी उडून जाते, मंग पंप हवा ओढते. हे सीलबंद राह्यते, भरता येत नाही. आता साधा हवेचा घ्या, मोठ्या पंख्याचा. आपल्या धुळीत तोच टिकते. बिघडला तं पंखा बदलला का झालं."

"पंख्याचा? त्याले लाइट कुठं हाये? गिऱ्हाईक काय म्हनन?"

"गिऱ्हाईक डब्बा पाह्यले येते, का लग्न पाह्यले?"

बादलला ते झोंबलं. त्याचा मेव्हणा लखीराम ट्रॅक्टरचा मिस्त्री. अख्खा तालुका त्याच्या शब्दाबाहेर नाही. त्यानं कूलर उलटसुलट पाहून निकाल दिला, "रेडिएटरच तं हाये!" नळी उपटली, ट्रॅक्टरचं हिरवं कूलंट भरलं, क्लिप आवळली. आणि मशीन चालली की! तब्बल नऊ दिवस. तेवढ्या दिवसांत बादलनं चहाच्या टपरीवर निताची मनसोक्त टवाळी करून घेतली.

दहाव्या दिवशी नळी सुटली आणि मशीनचं आतडंन्‌आतडं भिजलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. बादलनं ते धूड भर बाजारात निताच्या ओट्यावर आणून आदळलं. "पाहा, हे हिनं बांधलं!"

निता ओट्यावरच वाकली. पुरावा समोरच टपकत होता. तिनं बोट बुडवून पुढं केलं. "वास घ्या. हे मी नाही भरलं. ट्रॅक्टरचं हाये."

लोकांनी वास घेतला. ओळखलंही. घरोघरी ट्रॅक्टरमध्ये तेच तर होतं.

"पंधरा वर्षांत माह्या हातचा एक ट्रॅक्टर नाही बिघडला यानं," बादलच्या मागं उभा असलेला लखीराम शांतपणे म्हणाला. "तिथं चालते, तं इथं काहून नाही? मशीनच कच्ची बांधेल हाये."

माना डोलल्या. सगळ्याच. निता दाब, नळी, सील समजावू लागली तोवर अर्धी माणसं पांगली होती. तिला रडू आलं नाही, राग आला, आणि तो काढेपर्यंत उरलेलीही निघून गेली होती.

आठवड्यानं विनोद सर आले. त्यांच्या कोचिंग क्लासच्या चारही मशीन निताच्या हातच्या, आणि सहा वर्षांत एकही कुरकुरली नव्हती. त्यांना पाचवी हवी होती. तिला हायसं वाटलं.

"ताई, मशीन तुमीच बांधा," सर अगदी मायेनं म्हणाले. "फक्त कूलर कोनता घ्याचा, ते लखीरामभाऊले विचारून सांगतो."