एका प्रोग्रामचे चार नारळ

पुण्याची नोकरी सोडून मी जालन्याला आले, तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं. बियाण्यांच्या कंपनीत कसलं आलंय सॉफ्टवेअर! पण मला तिथलं दुखणं दिसत होतं. वजनकाटा, ओलावा तपासणी, गोदाम आणि हिशेब, सगळं एकाच जुन्या प्रोग्राममध्ये गुंतलेलं. हिशेबात काही अडकलं की बाहेरचा काटासुद्धा ठप्प. मग ट्रकवाल्यांचे हॉर्न आणि आमच्या मालकांचा, शेटजींचा आवाज, दोन्ही एकदमच सुरू व्हायचे.

मी त्या एकाचे चार केले. चार वेगळ्या सर्व्हिस, म्हणजे आपापलं काम करणारे चार छोटे प्रोग्राम. एकीनं दुसरीला निरोप द्यायचा आणि आपलं काम करत राहायचं. पलीकडची बंद पडली असेल तर निरोप रांगेत थांबेल, देणारीनं थांबायचं नाही. हे शेटजींना पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले.

शेवटी ते म्हणाले, "ठीक हाय ताई, करा चालू. पण एक जरी गाडी खोळंबली तर जुनंच परत लावायचं. बिलकुल वाद न्हाई." मग जरा विचार करून, "एकाचे चार केले ना? मंग नारळबी चार लागतील."

फोडले चार! सर्व्हरच्या खोलीत दोन दिवस खोबऱ्याचा वास येत होता.

काढणीनंतरचे दिवस होते. मंठ्याकडून, केदारखेड्याकडून बियाण्याचे ट्रक लागलेले. भर दुपारी माझ्या स्क्रीनवर हिशेबाचा दिवा लाल झाला. धावत खिडकीशी गेले. काट्यावर ट्रक चढला, वजन झालं, उतरला. दुसरा चढला! हॉर्न कुठेच नाही. अर्ध्या तासात मी चूक शोधली, हिशेब पुन्हा सुरू केला, आणि रांगेत साठलेले निरोप भराभर आत जाऊन पावत्या निघू लागल्या. मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

तशीच शेटजींच्या केबिनमध्ये घुसले. "शेटजी, हिशेब बंद पडला होता! चांगला अर्धा तास!"

ते ताडकन उठले. "बंद पडला, आन् तुमी हसून राह्यल्या?" त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. "मंग गाड्या कशा चालू व्हत्या?"

ते बाहेर बघतच राहिले. मग त्यांनी हिशेब बघणाऱ्या मुनीमजींना हाक मारली. "ते जुनं काढून टाका. जल्दी."

"काय म्हणालात?" मी मुद्दाम विचारलं. मला ते पुन्हा ऐकायचं होतं.