प्रत्येक प्रश्नामागे सिग्मा

समुद्रपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात भैय्याजी सर बावीस वर्षं गणित शिकवत होते. संगणकाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. पण नागपूरला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि सर वेगळेच होऊन परतले. सूत्र टाइप करताना यादीतून एकेक चिन्ह हुडकायचं, हे त्यांना आता गावंढळ वाटू लागलं.

शनिवारी त्यांनी ऑफिसातल्या संगणकावर स्वतःचे शॉर्टकट बसवले. बेरजेच्या सिग्माला कंट्रोल-एस, पायला कंट्रोल-पी, पूर्णांकांच्या झेडला कंट्रोल-झेड. ही बटणं आधीच दुसऱ्या कामाला आहेत, असं संगणकाने दाखवलंही. सरांनी ते वाचलं नाही. सूचना विद्यार्थ्यांनी वाचायच्या असतात.

मग अकरावीच्या सहामाहीचा पेपर टाइप झाला. प्रत्येक प्रश्न संपला की कंट्रोल-एस दाबून सेव्ह करायचं, ही प्रशिक्षणातली गोष्ट त्यांच्या पक्की लक्षात राहिली होती. मान खाली घालून ते मनापासून सेव्ह करत गेले.

छापायच्या वेळी क्लार्क गोपिकाने विचारलं, "सर, प्रत्येक प्रश्नाच्या मांगं हे काय लागून राह्यलं?"

सतरा प्रश्न, सतरा सिग्मा. शेवटचा पुसायला सरांनी कंट्रोल-झेड दाबलं, तर शेजारी एक झेड उमटला. गोपिका बघत होती. सरांनी तो झेड गुपचूप खोडला आणि हात मागे घेतला.

"तुले गणितातलं काय समजते? छाप."

तिने माऊसने मेनू उघडला आणि छापलं.

परीक्षेत अंकिता नावाची मुलगी उभी राहिली. "सर, शेवटी सिग्मा हाये. कायची बेरीज करू?"

चूक झाली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सर म्हणाले, "ज्याले समजलं, तो करन."

मग साठ पोरं बेरजेला लागली. कुणी उत्तरांची केली, कुणी त्रिकोणाच्या बाजूंची, एकाने तर प्रश्नक्रमांकांची. तपासताना शब्द राखायचा म्हणून सरांना सगळ्यांनाच गुण द्यावे लागले. गणितात अख्खा वर्ग पास झाला. प्राचार्यांनी सरांना नवा प्रयोग केल्याबद्दल शाल दिली.

दरम्यान गोपिकाने सगळे शॉर्टकट पूर्ववत केले होते.

"चिन्हं काऊन येत नाई?" सरांनी विचारलं.

"बटणं आपल्या कामाले लागली, सर."

"मंग पेपर तूच टाइप करत जा."

तेव्हापासून गणिताचे पेपर गोपिका टाइप करते. तळाशी 'रचना व टंकलेखन : भैय्याजी सर' ही ओळही तीच टाकते.