गाडी मागे घेताना

आमच्या चालकाने गाडी मागे घेण्यापूर्वी ओव्हरड्राइव्हचा स्विच बंद केला होता की नाही, एवढाच प्रश्न होता. केला होता, असे तो म्हणाला. केला नव्हता, असे मी ठरवले आणि आमच्या राइस मिलच्या अंगणात, हमालांसमक्ष, त्याला कामावरून काढले. त्या गोष्टीला चाळीस वर्षे होऊन गेली.

गाडी वडिलांची, विलायती बनावटीची. तिच्या गिअरबॉक्सच्या पाठीमागे ओव्हरड्राइव्हचा डबा जोडलेला आहे. मोकळ्या रस्त्यावर वेग राखून इंजिनाचे फेरे कमी करणे, हे त्याचे काम. तो लागलेला असताना गाडी मागे घेतली, तर आतला एकाच दिशेने फिरणारा क्लच तुटतो. पौषातल्या एका सकाळी तलावाच्या पाळीवर तसेच झाले. मी शेजारी बसलो होतो. आवाज मी ऐकला. गाडी बैलांनी ओढून घरी आणली आणि छपरीत लावली.

गेल्या उन्हाळ्यात मी ती उघडायला घेतली. या वयात मोडक्या वस्तू मागे ठेवू नयेत, असे मला वाटते. स्विच ठीक होता. तार ठीक होती. नवी बॅटरी जोडली, तेव्हा डब्याची झडप विजेने हलवणाऱ्या सोलेनॉइडनेही टक् असा आवाज दिला. म्हणजे विजेचा दोष नव्हता. तेथे माझे ज्ञान संपले. हा डबा खोललेला एकच माणूस मला ठाऊक होता, तोच चालक, आणि तो चिचगडला राहत होता. मी गेलो. त्याने पाणी दिले. येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो एसटीने गोरेगावला उतरला आणि तेथून चालत आमच्या घरी आला.

"काऊन जी पाटील, तुमच्या हाताले ग्रीस? दुनिया बदलून राहिली म्हनायची."

"तू आधी बघ."

"पाहतो ना. मी चाळीस वर्सं थांबलो, तुमी दोन मिनिटं थांबा."

गाडीखाली पोते अंथरून तो आडवा झाला. त्याने प्रथम तेल काढले. मला ते सुचलेच नव्हते. घमेल्यात ते गुळाच्या पाकासारखे, काळे, घट्ट उतरले. त्याने बोट बुडवून नाकाशी नेले आणि घमेले माझ्याकडे सरकवले. गंधकाचा उग्र वास होता. तो ओळखायला मला वेळ लागला नाही. मिलच्या ड्रममधले जाड गिअर ऑइल.

"याले पातळ तेल लागते, इंजिनाचं. गिअरबॉक्स न् हा डबा, दोघायचं तेल एकच." मग त्याने एक झडप काढून तिच्यातले छिद्र दाखवले. ते सुईच्या नेढ्याएवढे होते. "स्विच बंद केला का तेल इथून परत जाते, मंग डबा सुटते. असं घट्ट तेल थंडीत कसं जाईन? स्विच म्या बंद केला होता, पाटील. डबा सुटलाच नाई."

"हे तेल कोणी घातले?"

"मले कायले इचारता? दसऱ्याले तेल कोन देत होतं?"

आमच्याकडे दसऱ्याला प्रत्येक यंत्राची पूजा होई आणि नवे तेल घालण्याचा मान थोरल्या मुलाचा असे. त्या वर्षी मिलमधली यंत्रे झाल्यावर त्याच ड्रममधून, त्याच मापाने मी गाडीलाही तेल दिले. मान होता म्हणून दिले. काय घालतो आहोत, हे पाहिले नाही.

"तुला तेव्हाच कळले होते?"

"त्याच सकाळी. झाकन खोललं न् वास आला."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी इचारलं कोठं जी? तुमी त सांगून राहिले होते."

चूक माझी होती, असे मी म्हणालो. त्याने चिंधीने एकेक बोट पुसले.

"इथं नोका सांगू. इथं तुमी न् मी. जिथं बोलले होते, तिथं सांगा."

मिल आता दुसऱ्यांची आहे. आम्ही दोघे चालत गेलो. अंगणात ट्रॅक्टरमधून धानाची पोती उतरत होती. त्या दिवशीचा एकही हमाल तेथे नव्हता. मी उभा राहिलो आणि सांगितले, की या गृहस्थांनी गाडी मोडली नव्हती. चुकीचे तेल मी घातले होते. त्यांना कामावरून काढणे हा अन्याय होता.

"कौनसी गाडी, दादाजी?" पोते पाठीवर असलेल्या एकाने विचारले.

"जोरानं बोला, पाटील," तो माझ्या मागून म्हणाला. "मशीन चालू हाय. कोनाले आयकू नाई गेलं."

मी पुन्हा, पहिल्यापासून, मोठ्याने सांगितले. या वेळी पोती उतरवणारे थांबले होते.