पडलेल्या उमेदवाराचे पेढे

निकालाच्या दुसऱ्या दिवशी दिघीहून आगरदांड्याला येणाऱ्या फेरीबोटीत एक वयस्कर गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. मांडीवर पेढ्यांचा खोका. पाण्याचे शिंतोडे उडाले की डोक्यावरची टोपी काढून खोक्यावर धरायचे; केस भिजले तरी पर्वा नाही. मूळचे मुरूडचे, पण उभा जन्म दक्षिण आफ्रिकेत, केपटाऊनला दुकान चालवण्यात गेलेला.

"आमच्या मुरूडचा उमेदवार पडला. माझं मत फुकट गेलं," मी कुरकुरलो.

"तिथं आमच्या प्रांतात तसं न्हाय," ते म्हणाले. "मत पक्षाला द्यायचं. जेवढी मतं, त्या हिशोबानं जागा. आमचा पक्ष एवढासा. पण प्रांतभरची मतं गोळा झाली आणि आमचा एक मानूस सभागृहात बसला. किनाऱ्यावर जाळं ओढतात ना, दोरीला हात लावला त्याला मासळीचा वाटा मिळतोच. तसंच."

"मग हे पेढे त्या जागेचे?"

"न्हाय हो, तुमच्या पडलेल्या उमेदवाराला. मी त्यांना ओळखत पण न्हाय. जिंकलेल्याकडे पेढे पुष्कळ जातील." ते हसले. "चला की तुमी पण. मत दिलंत, ते त्यांना सांगा तरी."

आगरदांड्याला उतरून मी त्यांच्यासोबत रिक्षात बसलो. परवापर्यंत उमेदवाराच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. आज दारात एकही चप्पल नव्हती. त्यांनी आपले बूट काढले आणि रस्त्यावरून दिसतील असे पायरीवर मांडले.

मग वाकून माझ्या चपलाही त्यांच्या शेजारी सरळ केल्या.