दुकानाच्या पडद्यावर माझा रिपोर्ट

नवा फोन चालू करताना तो ईमेल मागत होता. माझं नव्हतंच. दीर म्हणाले, "वहिनी, माझंच टाकतो की. एकाच घरात वेगळं कशाला?" सासूबाईंच्या आणि जावेच्या फोनमध्येही त्यांचंच होतं. मीही मान हलवली.

पुढे माझ्या छातीत गाठ लागली. सोनोग्राफी झाली, सुईनं तुकडा काढून तपासायला गेला. मी फक्त नवऱ्याला सांगितलं. मुलगी बार्शीला कॉलेजात, तिची प्रॅक्टिकल चालू होती. ती संपली की मीच तिला सांगणार होते. सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो काढून ठेवला आणि कागद कपाटात टाकला.

घरचं वाय-फाय लागलं की माझे फोटो दिरांच्या खात्यात जातात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भवानी पेठेत त्यांचं चादरींचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला ते कॉम्प्युटरवर त्याच खात्यातल्या फोटोंमधून डिझाइनं दाखवतात. मोराची चादर, वेलबुट्टीची चादर, आणि त्यामागून माझा रिपोर्ट. गिऱ्हाइकासमोर वाचला त्यांनी. मला फोन करायचं सुचलं नाही, पण घरच्या ग्रुपवर टाकायचं सुचलं: 'वहिनींसाठी सगळ्यांनी प्रार्थना करा.' त्या ग्रुपवर माझी मुलगी आहे.

संध्याकाळच्या एसटीनं ती आली, दुसऱ्या दिवशीची परीक्षा सोडून. चप्पल न काढताच म्हणाली, "काकांना सांगितलंस, आणि मला नाही?" मी सांगितलंच नव्हतं, हे तिला पटवायला मला रडायचं बाजूला ठेवून भांडावं लागलं.

गाठ साधी निघाली. दीर पेढे घेऊन आले.

"बघा, काही निघालं न्हाय. उगी लपवत होता."

"लपवत नव्हते. पोरीला मी सांगणार होते."

"आपलीच माणसं की, वहिनी. मी काय चोर हाय का?"

चोर परवडला. चोर घरच्या ग्रुपवर नसतो.

पोरीची ती परीक्षा गेली ती गेलीच. पेढे तसेच ठेवून मी तिला घेऊन दुकानात गेले. तिनं माझ्या फोनमध्ये माझं स्वतःचं ईमेल टाकलं. दिरांच्या खुर्चीत बसून आम्ही त्यांच्या खात्यातला माझा एकेक फोटो पुसला. दीरही पाठोपाठ आले होते, मागून वाकून बघत होते.

"नवा पासवर्ड मला सांगून ठेवा. विसरलात तर?"

"विसरले तर माझं मी बघेन," मी म्हणाले. "सरका मागं."