गुऱ्हाळात जाळलेले कॉम्प्युटर

माझे दाजी विडीने गेले, असे गडमुडशिंगीत सगळे म्हणतात. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली बहीण अक्का, तीही हेच म्हणते. मी वर्षानुवर्षे मान हलवून ऐकून घेतले.

शाहूपुरीत माझे कॉम्प्युटरचे दुकान होते. दोन हजार सालानंतर लोकांना सारखे नवे मशीन हवे झाले. हवे झाले म्हणजे काय, मीच ते हवे करत होतो. चांगल्या चालत्या मशीनवर हात ठेवून ‘हे आता जुनं झालं’ म्हणायचो आणि नव्याच्या बदल्यात ते ठेवून घ्यायचो. मागची खोली भरली, जिना भरला. वायर सोलून दिली तर भंगारवाला नुसते तांबे नेई. प्लॅस्टिकला हात लावत नसे.

दाजींचे गुऱ्हाळ होते. रस काढून उरलेली उसाची चिपाडे वाळवायची आणि तीच रस आटवायच्या काहिलीखाली चुलवाणात जाळायची, ही रीत. एका वर्षी अवकाळी पावसाने चिपाडे भिजली. रस आंबायची वेळ आली, तेव्हा मी कॉम्प्युटरची प्लॅस्टिकची खोकी आणि वायरींची भेंडोळी ट्रॉली भरून पाठवली. धडाडून पेटली.

जाळ घालायला दाजी स्वतः बसायचे. म्हणाले, "पावणं, तुमच्या यंत्रानं आज पहिल्यांदा कायतरी काम केलं की." सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या हंगामात चिपाडे कडकडीत वाळलेली होती, तरी माझी ट्रॉली जातच राहिली. तो धूर काळा, घशाला झोंबणारा. राखेतले तांबे न्यायला जायचो तेव्हा मी स्कूटर वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावायचो आणि नाकाला रुमाल धरायचो. दाजींना मात्र उठा म्हणालो नाही. ती राख त्यांनी नेहमीसारखी विहिरीकडच्या वाफ्यांत पसरली. तिथे आज तणसुद्धा धड उगवत नाही.

मग खोकला सुरू झाला. अक्काने विड्यांची बंडले चुलीत घातली, चारचौघांत त्यांना फाडफाड बोलली. डॉक्टरांनी धुराचेही विचारले. दाजी म्हणाले, गुऱ्हाळाचा धूर तर आमच्या घरात पिढीजात आहे. मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडले असते तर निदान औषध तरी वेगळे झाले असते का, हे मला माहीत नाही. उघडले नाही, एवढे माहीत आहे.

विडीचे किती आणि माझे किती, ते आता कोण सांगणार? पण माझे काहीच नाही, हे खोटे.

गेल्या महिन्यात अक्काला सगळे सांगितले. मला वाटले शिव्या देईल, हाकलून देईल. तसे झाले असते तर बरे झाले असते. ती पायरीवर बसली.

"शेवटाला त्यांनी एक विडी मागितली हुती," ती म्हणाली. "हात जोडलं हुतं माझ्याफुडं. मी दिली न्हाय."